फ्रातीनो म्हणजे बहीण की छोटा मठवासी? धर्मातल्या पदव्या आणि त्यांचे प्रत्यय

माटुंग्याची_मैना

लहानपणी माटुंग्याला राहायचो, तेव्हा डॉन बॉस्को शाळेवरून रोजचं येणंजाणं होतं. ‘डॉन’ हे त्या संताचं नाव आणि ‘बॉस्को’ आडनाव, अशी माझी पक्की समजूत. नोकरीसाठी इटलीत तोरीनोला आले, म्हणजे ज्या शहरात त्यांनी जन्मभर काम केलं नेमकी तिथेच, तेव्हा कळलं की त्यांचं नाव जोवान्नी (१८१५–१८८८). ‘दॉन’ ही पदवी आहे. लॅटिन ‘दोमिनुस’, म्हणजे धनी किंवा स्वामी, झिजून झिजून ‘दॉन’ झाला. त्याच्याच स्त्रीरूपातून ‘दोन्ना’ आला आणि ‘मा दोन्ना’, माझी स्वामिनी, यातून ‘मादोन्ना’. दक्षिण इटलीत गावातल्या बड्या माणसालाही आदराने दॉन म्हणत. गुन्हेगारांच्या टोळीचा म्होरक्या ‘डॉन’ झाला तो तिकडूनच.

हा धागा काढायचं कारण सांगते. पो नदीच्या पलीकडे एक टेकडी आहे, मोन्ते देइ काप्पुचीनी. वर कापुचिन मठवाशांचं चर्च आहे. एका रविवारी तिथे गेले होते. दारात तपकिरी झगा, कमरेला दोर, पाठीवर टोपडं अशा वेशातले एक वयस्कर गृहस्थ उभे होते. मी मोठ्या अदबीने ‘नमस्कार, दॉन’ म्हटलं. ते हसले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘इथे आमच्यात दॉन कुणी नाही.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन शोधत बसले. गावच्या चर्चचा धर्मगुरू तो दॉन. मठसंघातला धर्मगुरू तो पाद्रे. धर्मगुरूची दीक्षा न घेतलेला मठवासी तो फ्राते, नावाआधी आला की नुसता ‘फ्रा’. बाई असेल तर स्वोरा, नावाआधी ‘स्वोर’. (आणि सालेशियन या मठसंघाचे असूनही बॉस्कोंच्या परंपरेतले सगळे दॉनच!)

पण मला खरा धक्का बसला तो पुढे. इटालियनमध्ये घरातला भाऊ ‘फ्रातेल्लो’ आणि बहीण ‘सोरेल्ला’. त्यातले ‘-एल्लो’ आणि ‘-एल्ला’ हे लहानपणा दाखवणारे, लाडाचे प्रत्यय. आपण ‘भाऊराया’ म्हणतो, साधारण त्या मायेचे. लॅटिनमधले साधे, बिनप्रत्ययाचे भाऊबहीण मठात निघून गेले आणि फ्राते, स्वोरा झाले. घरात उरली ती लाडाची रूपं. एका घरातली दोन मुलं संन्यास घेऊन गेली आणि धाकट्यांनी घर सांभाळलं, तसं वाटतं मला हे. संत फ्रान्सिसांनी १२२५ च्या सुमारास सृष्टीचं स्तोत्र रचलं. त्यात सूर्याला ‘फ्राते’ आणि चंद्राला ‘सोरा’ म्हटलंय. तेव्हा हे शब्द घरातही होते आणि मठातही.

आता मूळ प्रश्न. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या नादाने मी एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली भाषा शिकायला लागले आहे. परवा तिने मला ‘कारा फ्रातीनो’ अशी हाक मारली. इटालियनमध्ये ‘फ्रातीनो’ म्हणजे छोटा, कोवळा मठवासी. समुद्रकाठच्या एका इवल्याशा पक्ष्यालाही फ्रातीनो म्हणतात. एस्पेरांतोत मात्र फ्रातीनो म्हणजे बहीण! शब्द दिसायला हुबेहूब तोच, आणि माणूस अगदी दुसराच. हे असं आणखी कुठे कुठे होतं? इथल्या एस्पेरांतोवाल्यांनी जरा उलगडून सांगा ना.

हिरवा_तारा (पुणे)

मैनाताई, नेमकी जागा पकडलीत. वीस वर्षं एस्पेरांतोत आहे, तरी या ‘-ईन’वर बोलायला मला कधी कंटाळा येत नाही.

एस्पेरांतो घडवणारे झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सोत या भाषेचं पहिलं पुस्तक छापलं. त्यात ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना नमुन्यादाखल दिली होती, शब्दांचे तुकडे खुणांनी वेगळे पाडून: पात्र-ओ, नि-आ. वाचणाऱ्याला कोशात तुकडा शोधला की अर्थ लागावा, ही त्यामागची कल्पना. त्यामुळे या भाषेत प्रत्यय हा शब्दाच्या अंगावरचा दागिना नसतो, तो स्वतः एक शब्द असतो. ‘-ईन’चा अर्थ स्त्री, बस्स. तो घेतला जर्मनवरून, तिथे ‘क्योनिग’ राजा आणि ‘क्योनिगिन’ राणी. फ्रातो भाऊ, फ्रातीनो बहीण. मोनाखो मठवासी, मोनाखीनो मठवासिनी. अबातो मठाचा प्रमुख, अबातीनो मठाची प्रमुख.

गोची पुढे आहे. युरोपभर कित्येक शब्द ‘-इन’वर संपतात, ज्यांचा बाईशी काडीचाही संबंध नाही. ज्यूंचा धर्मगुरू घ्या. फ्रेंचमध्ये राबँ, पोलिशमध्ये राबिन, इटालियनमध्ये राब्बीनो. हा जसाच्या तसा उचलून ‘राबीनो’ केला असता तर एस्पेरांतो वाचणाऱ्याला वाटलं असतं की ‘राबो’ नावाचं काही आहे आणि ही त्याची बाई. झामेनहोफ स्वतः ज्यू, बियालिस्तोकच्या ज्यू वस्तीत वाढलेले. हा शब्द त्यांना पुस्तकातून शोधायचा नव्हता. म्हणून एस्पेरांतोत आला तो ‘राबेनो’. ‘ई’चा ‘ए’ केला आणि प्रत्यय निष्प्रभ झाला. हीच युक्ती बागेला (जार्देनो), सकाळीला (मातेनो), पेंग्विनला (पिंग्वेनो) आणि डॉल्फिनला (देल्फेनो). ‘मशीनो’ मात्र तसाच राहिला, तेवढा एक अपवाद लगेच आठवतो.

आता तुमचे टेकडीवरचे कापुचिन. इटालियन ‘काप्पुच्चो’ म्हणजे टोपडं. त्याला ‘-ईनो’ लागून टोपडंवाले ते काप्पुचीनो. आपण पितो त्या कॉफीचं नाव त्यांच्या झग्याच्या रंगावरून आलं. एस्पेरांतोत टोपडं म्हणजे ‘कापूचो’. म्हणजे ‘कापुचीनो’ असा शब्द तुकड्यातुकड्याने वाचला तर अर्थ होतो टोपड्याची स्त्री. म्हणून मठवाश्याला ‘कापुत्सेनो’ म्हणतात आणि कॉफी बिचारी कापुचीनोच राहिली.

आणि राबेनोचा फायदा असा की आज बाई ज्यू धर्मगुरू झाली तर तिच्यासाठी शब्द तयार आहे: राबेनीनो. कुणाची परवानगी नको, कुठली समिती नको.

शनिवारची_दुपार

वाचतोय. एक शंका. बौद्धाला ‘बुधिस्तो’ आणि ख्रिश्चनाला ‘क्रिस्तानो’ असं का? दोघंही अनुयायीच ना?

हिरवा_तारा

चांगला प्रश्न. हा वाद आमच्यातही जुना आहे.

‘-आन’ म्हणजे सदस्य, त्यातला एक. ‘-इस्त’ म्हणजे एखादी गोष्ट व्यवसाय म्हणून करणारा किंवा मत म्हणून मानणारा. क्रिस्त-आन-ओ, ख्रिस्ताचा माणूस. त्यावरून धर्म झाला क्रिस्तानिस्मो. इस्लामचा माणूस तो इस्लामानो. ‘इस्लामिस्तो’ म्हटलं की अर्थ राजकीय विचारसरणीकडे झुकतो, त्यामुळे तिथे फरक जपून करावा लागतो. बौद्धांसाठी ‘बुधानो’ही लिहितात आणि ‘बुधिस्तो’ही. मला पहिला पटतो. बहाई लोक ‘बहाआनो’. झामेनहोफ यांची धाकटी लेक लीदिया बहाई झाली होती आणि त्या धर्माची पुस्तकं तिने एस्पेरांतोत आणली. १९४२ मध्ये त्रेब्लिंकाच्या छळछावणीत तिचा अंत झाला. तिचं नाव निघालं की मला पुढचं वाक्य सुचायला वेळ लागतो.

आपल्याशी संबंधित एक बारीक गोष्ट. ‘हिन्दो’ म्हणजे भारतात राहणारा, कुठल्याही धर्माचा. हिंदू धर्माचा माणूस म्हणजे ‘हिन्दुओ’. एका ‘उ’चा फरक. शिकाऊ माणसं इथे हमखास चुकतात. म्हणून देशासाठी ‘बारातो’, म्हणजे आपला भारत, आणि नागरिकासाठी ‘बारातानो’ वापरलेलं बरं पडतं.

आणि ‘-आन’चा सगळ्यात मोठा शब्द झामेनहोफ यांनीच घडवला. माणसामाणसांत धर्मावरून चाललेली कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. सर्व धर्मीयांनी एका छपराखाली यावं म्हणून त्यांनी १९०६ मध्ये एक विचार मांडला. आधी हिलेल या प्राचीन ज्यू गुरूवरून त्याला ‘हिलेलिस्मो’ म्हटलं आणि मग ‘होमारानिस्मो’. तुकडे पाडून पाहा: होम माणूस, आर समूह, आन सदस्य, इस्म मत. मानवसमूहाचा मी एक सदस्य आहे, असं मानणारं मत. चार तुकड्यांत आख्खा जाहीरनामा. याहून देखणा शब्द मला एस्पेरांतोत माहीत नाही.

वसईची_सुकेळी

धागा आवडला. आमच्या घरातलं थोडं सांगते.

आजी ‘पाद्री’ म्हणायची, आई ‘फादर’ म्हणते. माणूस तोच, काम तेच. पाद्री हा पोर्तुगीज ‘पाद्रे’. वसईत पोर्तुगीज १५३४ ते १७३९ होते, शब्द राहिला. मैनाने इटलीतला पाद्रे सांगितला, त्याचाच हा सख्खा भाऊ. पण तिकडे पाद्रे म्हटलं तर मठसंघातलाच धर्मगुरू, हा भेद आमच्याकडे उतरला नाही. आमचा पाद्री सगळ्यांसाठी पाद्री. गोव्यात पिलारचे पाद्रे आग्नेलो म्हणून ज्यांना ओळखतात, तेच वांद्र्याला आले की फादर आग्नेल होतात. एकाच माणसाच्या दोन पदव्या, दोन राजवटींच्या.

आणि मराठीत तिसरी पदवी आहे, ती आमच्याकडची नव्हे, प्रोटेस्टंटांची: रेव्हरंड. ना. वा. टिळक हे रेव्हरंड टिळक. त्यांना कुणी ‘फादर टिळक’ म्हटलं की माझे कान टवकारतात. तसंच फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, ते फादर. पदवीवरून पंथ कळतो. वर्तमानपत्रांत ही सरमिसळ सर्रास होते आणि मला ती खटकते.

आणखी एक. आम्ही ‘संत फ्रान्सिस झेवियर’ म्हणतो. ‘संत’ आणि इटालियन ‘सांतो’ एकच असतील ना? मला लहानपणापासून तसंच वाटतं.

धातुपाठ

सुकेळीताई, सगळ्यांनाच तसं वाटतं, पण ते नातं खरं नाही. आपला ‘संत’ संस्कृत ‘सत्’वरून, म्हणजे ‘अस्’ धातूवरून, जो खरा आहे तो. ‘सांतो’ लॅटिन ‘सांक्तुस’वरून, म्हणजे विधीने पवित्र केलेला, मर्यादा घालून वेगळा काढलेला. रस्त्यात भेटलेली सारख्या चेहऱ्याची दोन माणसं. तरी आपल्या ख्रिस्ती लोकांनी सेंटसाठी ‘संत’ निवडला ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. कानाला जुळला आणि अर्थालाही शोभला.

अर्थाचं नातं दाखवायचं तर तुम्ही सांगितलेला ‘रेव्हरंड’ घ्या. लॅटिन ‘रेवेरेंदुस’, इटालियन ‘रेवेरेंदो’. यातला ‘-एंद’ म्हणतो, ‘ज्याचा आदर केला पाहिजे असा’. आपल्याकडे हे काम ‘-अनीय’ करतो. आदरणीय, वंदनीय, पूजनीय. म्हणजे रेव्हरंड टिळक हे शब्दशः आदरणीय टिळक. एस्पेरांतोत असं काही आहे का? असेल तर जाणून घ्यायला आवडेल.

हिरवा_तारा

आहे तर! ‘-इंद’. योग्यतेचा प्रत्यय. ‘एस्तीमी’ म्हणजे आदर बाळगणे, ‘एस्तीमिंदा’ म्हणजे आदरणीय. आम्ही पत्राची सुरुवातच ‘एस्तीमिंदा सिन्योरो’ अशी करतो. आणि हा पदवीपुरता राखीव नाही. वाचण्याजोगं पुस्तक ‘लेगिंदा’, बघण्याजोगं गाव ‘विदिंदा’.

धातुपाठ

वा! वाचनीय, दर्शनीय. बसल्या जागी जुळलं. आज झोप छान लागेल.

माटुंग्याची_मैना

सगळ्यांचे मनापासून आभार. आता इटालियन बायकांविषयी.

इथे ‘-एस्सा’ हा मोठा नाजूक प्रत्यय आहे. प्रोफेता म्हणजे प्रेषित, बाई असेल तर प्रोफेतेस्सा. साचेर्दोते म्हणजे पुरोहित, बाई असेल तर साचेर्दोतेस्सा. मठाची प्रमुख ती ‘बादेस्सा’. लॅटिन ‘अब्बातिस्सा’, त्याचा पहिला ‘अ’ कधीतरी गळून पडला आणि पुरुष मात्र ‘अबाते’ राहिला. तोच प्रत्यय जुन्या वेशात पाहायचा तर संत क्लारा यांच्या संघातल्या बायका, ‘क्लारिस्से’. पण आधुनिक व्यवसायांत ‘-एस्सा’ला हलकेपणाचा वास येतो. शिवाय तो प्रत्यय पूर्वी बायकोलाही लागायचा. ‘प्रेसिदेंतेस्सा’ म्हणजे अध्यक्षीण की अध्यक्षांची पत्नी? १९८७ मध्ये आल्मा साबातीनी यांनी सरकारसाठी स्त्रियांविषयीच्या भाषेचा अभ्यास केला, त्यात ‘-एस्सा’ टाळा असं सांगितलं. म्हणून प्रोटेस्टंटांमधल्या महिला बिशपला आता ‘वेस्कोवा’ म्हणतात, साधा ‘-ओ’चा ‘-आ’. ‘वेस्कोवेस्सा’ कुणी म्हणत नाही. वाल्देन्सी पंथातल्या धर्मोपदेशिका ‘पास्तोरा’. तोरीनोच्या पश्चिमेच्या डोंगरदऱ्यांत या पंथाची जुनी गावं आहेत.

हे वाचताना मला आपली ‘-ईण’ आठवली. पाटलीण गावचा कारभार बघायची नाही, ती पाटलाची बायको. भटीण पूजा सांगायची नाही. आज बाई पौरोहित्य करतात, तर आपण त्यांना ‘पुरोहितीण’ म्हणायला कचरतो आणि ‘महिला पुरोहित’ म्हणतो. इटालियनांची अडचण आपल्याला समजावून सांगावी लागत नाही.

हिरवा_तारा

ताई, ही गाठ एस्पेरांतोने सुरुवातीलाच सोडवली. ‘एज’ हा विवाहाचा तुकडा. धर्मोपदेशकाची बायको ‘पास्त्रेजीनो’ आणि स्वतः धर्मोपदेशक असलेली बाई ‘पास्त्रीनो’. गल्लत होऊच शकत नाही. पण दुसरी बाजूही मांडतो. पुरुषाला प्रत्यय नाही आणि बाईला आहे, ही तक्रार आमच्यातले तरुण करतात आणि मला ती रास्त वाटते. हल्ली ‘पास्त्रो’ स्त्रीपुरुष दोघांनाही धरून वापरतात. केवळ पुरुष दाखवायला ‘-इच’ हा अनधिकृत प्रत्ययही काही जण लावतात. एकत्र हाक मारायला मात्र ‘गे-’ हा उपसर्ग फार गोड आहे. प्रार्थनेत ‘कारा-य गेफ्रातो-य’ म्हणतात. बंधूंनो आणि भगिनींनो, एका शब्दात.

लांबी मात्र सोसावी लागते. तुमची तीन अक्षरी बादेस्सा आमच्याकडे ‘मोनाखीनेयेस्त्रीनो’. मोनाख-ईन-एय-एस्त्र-ईन-ओ: मठवासिनींच्या जागेची प्रमुख बाई. ‘अबातीनो’ म्हणून सुटका करून घेता येते. पण एकदा तो लांब शब्द तुकड्या-तुकड्याने म्हणून पाहा, मठाच्या एकेका दालनातून चालत गेल्यासारखं वाटतं.

इटालियनचं एक ऋणही नोंदवतो. वाईट, दर्जा नसलेलं दाखवणारा ‘-आच’ हा प्रत्यय सरळ इटालियन ‘-आच्चो’वरून. पहिल्या पुस्तकात तो नव्हता, १९०९ मध्ये अधिकृत झाला. ‘प्रेते’ म्हणजे धर्मगुरू, त्याचा ‘प्रेताच्चो’. आमचा ‘पास्त्राचो’.

धातुपाठ

‘प्रेते’ वाचून कुणी दचकू नये. ग्रीक ‘प्रेस्बितेरोस’, म्हणजे वडीलधारा, त्यावरून आलाय. आपल्या शब्दाशी संबंध नाही.

शनिवारची_दुपार

पोपना पत्र लिहायचं तर मायना काय? अगदी मनापासून विचारतोय, मुलीच्या शाळेचा प्रकल्प आहे.

माटुंग्याची_मैना

इटालियनमध्ये चढती भाजणी आहे. पोप ‘सान्तिता’, पावित्र्य. कार्डिनल ‘एमिनेंत्सा’, उंची. बिशप ‘एच्चेलेंत्सा’, श्रेष्ठत्व. आणि ही सगळी भाववाचक नामं स्त्रीलिंगी! अशाच पदव्यांमुळे इटालियनमध्ये अनोळखी पुरुषालाही आदराने ‘लेई’, म्हणजे शब्दशः ‘ती’, म्हणतात. १९३८ मध्ये फॅसिस्ट सरकारने ‘लेई’वर बंदी घालून ‘व्होई’ लादलं होतं. सरकार गेलं, ‘लेई’ राहिली.

हिरवा_तारा

एस्पेरांतोत सगळ्या भाजणीला एकच शब्द: ‘मोश्तो’. पोलिश ‘मोश्च’वरून. आधी फक्त पदाचं विशेषण बदलायचं. राजाला ‘रेजा मोश्तो’, बिशपला ‘एपिस्कोपा मोश्तो’, पोपना ‘पापा मोश्तो’. इटालियनच्या वळणाने ‘सांक्तेत्सो’, पावित्र्य, हेही चालतं. हा वापर कोशातच पडून आहे असं नाही. व्हॅटिकन रेडिओचं एस्पेरांतो प्रसारण १९७७ पासूनचं. १९९० मध्ये या भाषेत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करायचे नियम मंजूर झाले आणि १९९४ पासून पोप जॉन पॉल दुसरे ईस्टरच्या शुभेच्छा एस्पेरांतोतही द्यायला लागले. मुलीला म्हणावं, बिनधास्त लिही.

वसईची_सुकेळी

मैना, त्या टेकडीवर परत गेलीस की नाही? मला तेच कळायचंय.

माटुंग्याची_मैना

कालच गेले, सुकेळीताई. तेच आजोबा होते, अंगणात वाळलेली पानं झाडत होते. विचारलं, ‘तुम्हाला पाद्रे म्हणू की फ्रा?’ म्हणाले, ‘धर्मगुरूची दीक्षा झालेली आहे, तेव्हा पाद्रे बरोबर. पण इथल्या बऱ्याच जणांना हल्ली फ्राच आवडतं. संत फ्रान्सिसांनी आम्हाला भाऊ म्हणून एकत्र आणलं, बाप म्हणून नाही.’ मग मी त्यांना सांगितलं की एका भाषेत फ्रातीनो म्हणजे बहीण. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, दोनदा तो शब्द म्हणून पाहिला आणि विचारलं, ‘म्हणजे ती मला काय म्हणेल?’ मी म्हटलं, ‘फ्रातो.’ ते म्हणाले, ‘मग शेपूट गेलं तरी चालेल.’